जुन्या कॅटमरनचे सुटे भाग: आधी मापं, मग शोधाशोध

माझ्या कॅटमरनचा (दोन सांगाडे जोडून केलेल्या बोटीचा) आधीचा मालक बोट ताब्यात देताना म्हणाला होता, "दोन-तीन बारीकसारीक गोष्टी बदला की झालं, पाण्यात न्या." त्या बारीकसारीक गोष्टींची यादी करायला मी बसले, तेव्हा ती एकेचाळीसवर थांबली. त्यातल्या नऊ वस्तू मी पहिल्या खेपेला चुकीच्या मागवल्या. तुमचा तेवढा खर्च आणि मनस्ताप वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

हा लेख मुख्यतः १४ ते २० फुटी, किनाऱ्यावरून ढकलत पाण्यात नेता येणाऱ्या शिडाच्या कॅटमरनबद्दल आहे: होबी, प्रिंडल, नॅक्रा, डार्ट वगैरे. आत झोपायची सोय असलेला मोठा कॅटमरन घेतला असेल, तर त्याच्यासाठी पुढे वेगळा टप्पा आहे, पण आधीचे टप्पेही वाचाच.

नवखा माणूस पहिल्या दिवशी बोटीचं नाव आणि "स्पेअर पार्ट" असं शोधायला बसतो. मीही तेच केलं. पण बोटीच्या कारखान्यात प्रत्यक्षात फार थोडं बनतं. हल (बोटीचे तरते सांगाडे), त्यांना जोडणारे आडवे बीम, सुकाणूचे ओतीव सांधे हे त्यांचं. तारा, कप्प्या, शॅकल (पिनेने बंद होणारी कडी), दोर, रिव्हेट, बोल्ट हे सगळं त्यांनीही बाहेरूनच घेतलेलं असतं. कारखाना बंद पडला तरी या वस्तू बनवणारे लोक बहुधा चालू असतात. तेव्हा बोटीचं नाव बाजूला ठेवा आणि हातातला तुकडा नेमका काय आहे ते शोधा.

हाताशी असू द्या:

- इंच आणि मिलिमीटर दोन्ही दाखवणारा डिजिटल व्हर्नियर कॅलिपर
- आटे मोजायचा गेज, इंची आणि मेट्रिक दोन्ही
- स्टीलची लांब मापपट्टी (कापडी ताणते, ती नको)
- झिपच्या पिशव्या आणि पुसला न जाणारा मार्कर
- भिंग, विजेरी, सांध्यात झिरपणारं तेल, हीट गन
- जुने भाग ठेवायला एक मोठा डबा. काहीही फेकायचं नाही, तुटलेलंही नाही.

१. बोट नेमकी कोणती आणि कधीची, ते ठरवा

विकणाऱ्याने सांगितलेल्या सालावर विसंबू नका. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक बोटीवर १२ अक्षर-अंकांचा हल क्रमांक सक्तीचा आहे. युरोपात १९९८ पासून असाच क्रमांक लागतो, फक्त त्याच्या सुरुवातीला देशाची दोन अक्षरं असतात. साध्या बोटीवर तो मागच्या बाजूला उजवीकडे सापडतो. ज्या कॅटमरनचे हल सहज बदलता येतात, त्यांच्यासाठी अमेरिकी नियम वेगळा आहे: क्रमांक मागच्या आडव्या बीमवर, उजव्या हलच्या जोडापासून फूटभराच्या आत. दोन्ही जागा पाहा. रंगाखाली दबला असेल तर अंधारात विजेरी आडवी धरा, अक्षरांच्या कडा उठून दिसतात.

अमेरिकी क्रमांकातली पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, शेवटची चार तारखेची. ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटीवर शेवटी "डी७८७" असेल, तर बोट एप्रिल १९८७ ची आणि मॉडेल १९८७ सालचं. इथे ए म्हणजे जानेवारी. त्याआधीच्या बोटींवर शेवटच्या चारांची सुरुवात "एम" ने होत असेल, तर पुढचे दोन आकडे मॉडेलच्या सालाचे आणि शेवटचं अक्षर महिन्याचं. पण त्या पद्धतीत ए म्हणजे ऑगस्ट! हे ठाऊक नसल्यामुळे लोक भलत्याच महिन्याच्या आणि कधी भलत्याच सालाच्या यादीतून भाग मागवतात.

सालाचा एवढा आग्रह अशासाठी, की नाव तेच राहतं आणि आतले तपशील बदलत जातात. होबी १६ हे उदाहरण घ्या. १९७० च्या सुमारास बाजारात आलेली ही बोट दशकानुदशकं बनत राहिली. १९८० च्या दशकात तिच्या पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीचं टोक फायबरग्लासचं झालं, कारण डोलकाठी विजेच्या तारांना लागून माणसं दगावत होती. जुनी डोलकाठी स्वस्तात मिळते म्हणून घेणार असाल तर हे लक्षात ठेवा, आणि डोलकाठी कोणतीही असो, ती उभी करायच्या आधी वर बघा.

२. एका वेळी एकच बाजू उघडा

कॅटमरनची एक चैन अशी, की तिच्यात जवळपास सगळं दोनदा असतं. दोन हल, दोन सुकाणू, दोन बाजूंच्या तारा. डावीकडचं सुकाणू उघडलं असेल तर ते परत जोडून होईपर्यंत उजवीकडच्याला हात लावू नका. जुन्या बोटीची पुस्तिका बहुधा मिळत नाही. ती न उघडलेली बाजूच तुमची पुस्तिका. स्प्रिंग कोणत्या तोंडाने बसते, वॉशर बाहेर की आत, हे फोटोपेक्षा तिथे पटकन कळतं.

यात दोन फसव्या जागा आहेत. होबी १४, होबी १६ आणि प्रिंडल १६ यांचे हल असमान असतात: बाहेरची बाजू सपाटसर, आतली फुगीर. त्यामुळे जुना सुटा हल विकत घेताना तो डावा आहे की उजवा ते पाहा, अदलाबदल चालत नाही. नॅक्रा ५.२ किंवा डार्ट १८ सारख्या बोटींचे हल दोन्ही अंगांनी सारखे असतात. दुसरी फसवी जागा म्हणजे आधीचे मालक. माझ्या बोटीत उजव्या सुकाणूचा खालचा सांधा मूळचा होता आणि डावा कुठल्याशा दुसऱ्या सालचा. दोन्ही बाजू जुळत नसतील तर कोणती खरी ते क्रमांकावरून काढलेल्या सालाच्या आकृतीशी ताडून ठरवा.

प्रत्येक तुकड्याची वेगळी पिशवी, तिच्यावर बाजू, जागा आणि तारीख. फोटो काढताना शेजारी मापपट्टी ठेवा.

३. मोजणी: इथेच बहुतेकांचं चुकतं

अमेरिकी बोटी इंचात, फ्रेंच मिलिमीटरमध्ये, आणि जुन्या इंग्लिश बोटींत दोन्हींची सरमिसळ. माझी पहिली चूक हीच. तारा अडकवायच्या पिना मी ६ मिलिमीटरच्या मागवल्या. भोक पाव इंचाचं, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पिन आत गेली, मला वाटलं जमलं. बोटांत धरून हलवली तर खटखट वाजत होती. एवढ्याशा फटीत पिन प्रत्येक लाटेला आपटते आणि काही महिन्यांत गोल भोक अंडाकृती करून ठेवते. मग पिन नाही, ते भोक असलेली अख्खी पट्टी बदलावी लागते.

हे आकडे कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवा: ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, १/४ म्हणजे ६.३५, ५/१६ म्हणजे ७.९४, ३/८ म्हणजे ९.५३.

सगळ्यात लबाड जोडी ५/१६ इंच आणि ८ मिलिमीटरची. जाडीत फरक ०.०६ मिलिमीटर, डोळ्याला दिसणं शक्यच नाही. पण आट्यांतलं अंतर वेगळं. ८ मिलिमीटरचा नट ५/१६ च्या बोल्टवर दोन-तीन फेरे छान बसतो आणि मग घट्ट होतो. "गंजलाय" असं समजून पाना लावून जोर केला की आटे गेले. नट दोन फेऱ्यांनंतर अडला तर थांबा आणि गेज लावा.

झिजलेली पिन मधोमध मोजू नका, डोक्यालगत मोजा. तिथे मूळची जाडी टिकलेली असते. भोक उभं-आडवं दोन दिशांनी मोजा. दोन आकड्यांत फरक पडला तर भोक ओढलं गेलंय, नवी पिन घालून भागणार नाही.

४. यादीचे तीन ढीग करा

पहिला ढीग बाजारात सहज मिळणाऱ्यांचा: तारा, पिना, शॅकल, कप्प्या, दोर, रिव्हेट. यांसाठी बोटीच्या नावाची गरज नाही, मापं पुरतात. दुसरा, फक्त त्याच बोटीला बसणाऱ्यांचा: ओतीव सांधे, बीम, डोलकाठी, हल. तिसरा, बनवून घेता येतील अशांचा: बुश (पिनेभोवतीची नळी), तारा अडकवायच्या पट्ट्या, सुकाणूचं पातं, ट्रॅम्पोलिन (दोन हलच्या मध्ये ताणलेलं कापड).

माझ्या एकेचाळीसपैकी सव्वीस पहिल्या ढिगात निघाल्या. शर्यतीत उतरायचं असेल तर मात्र ढीग करायच्या आधी तुमच्या वर्गाचे, म्हणजे त्या प्रकारच्या बोटींच्या शर्यतीचे, नियम वाचा. होबी १६ सारख्या काटेकोर एकसारखेपणाच्या वर्गात बाहेरचं शीड किंवा स्वतः बनवलेलं सुकाणू चालत नाही.

५. तारा आणि त्यांची टोकं सगळ्यात आधी

पैसे थोडे असतील तर ते इथे घाला. शीड फाटलं तर वल्हं मारत परत येता येतं. बाजूची तार तुटली की डोलकाठी अंगावर येते.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा बहुधा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या, १×१९ विणीच्या असतात. म्हणजे एकोणीस तंतू एकत्र पिळलेले. तारेवरून कापसाचा बोळा फिरवा. (हाताचं बोट फिरवू नका, तुटलेला तंतू सुईसारखा घुसतो.) कापूस कुठेही अडकला तर ती तार बाद, आणि तिच्या जोडीची दुसरीही. दहा वर्षांहून जुन्या तारा वरून कितीही चकचकीत दिसल्या तरी बदला. विमा कंपन्याही साधारण हीच मर्यादा धरतात. वय माहीत नसेल तर जुन्याच समजा.

तारेपेक्षा टोकावरची दाबून बसवलेली नळी आधी जाते, त्यातही खालची, कारण खारं पाणी ओघळून तिच्यात साठतं. आधीच्या मालकाने माझ्या तारांच्या खालच्या टोकांना हौसेने पांढरी टेप गुंडाळली होती. स्टेनलेस स्टीलला न गंजायला हवा लागते. टेपच्या आत ओल राहते आणि हवा नाही, म्हणजे गंजाला रानच मोकळं. टेप सोलली तर डाव्या नळीवर केसासारखी एक रेघ होती. मला ओरखडा वाटला. भेगा दाखवणारा लाल रंग मिळतो, तो लावून पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. मिनिटाभरात पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, नखाएवढी लांब. ओरखड्यातून रंग असा परत झिरपत नाही.

नव्या तारेची लांबी देताना एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंत, तार ताणून मोजा. जाडी मोजताना कॅलिपर तंतूंच्या उंचवट्यांवर टेकवा. शक्य असेल तर जुन्या ताराच कारागिराकडे पाठवा आणि "वरचं टोक", "खालचं टोक" अशी चिठ्ठी बांधा. पुढची तार आणि बाजूच्या दोन, तिन्ही एकदम बदला. एकच नवी लावली तर डोलकाठी कोणत्या बाजूला झुकेल ते सांगायला नकोच.

चुंबक लावून ३१६ की ३०४ हे ओळखता येतं असं ऐकाल. येत नाही. ओढून-वाकवून घडवलेलं चांगलं स्टीलही चुंबकाला थोडं धरतं. प्रत लिहिलेलं बिल मागा.

६. दुसऱ्या ढिगातले भाग कुठे शोधायचे

आधी कंपनीचं पुढे काय झालं ते काढा. नावं बंद पडतात, साचे आणि साठा कुणाकडे तरी जातो. प्रिंडल आणि नॅक्रा एके काळी एकाच कंपनीत बनत होत्या, त्यामुळे प्रिंडलचा भाग शोधताना नॅक्राचे विक्रेतेही विचारात घ्या. केम्प या जुन्या ब्रिटिश डोलकाठ्या बनवणाऱ्या कंपनीचा कारभार सेल्डेनकडे गेला. डोलकाठीच्या तळाशी किंवा बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या) टोकाच्या ओतीव भागावर बनवणाऱ्याचं नाव असतं. ते बोटीच्या नावापेक्षा जास्त कामाचं.

मग तुमच्या वर्गाची संघटना. तिथल्या जुन्या सभासदांच्या गोदामात काय काय पडलेलं असतं, याची त्यांनाही आठवण नसते. विचारताना "होबीचं सुकाणू आहे का?" असं विचारू नका. साल, बाजू, दोन फोटो आणि भोकांमधली अंतरं द्या. उत्तरं येण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि तिसरा मार्ग, मला सगळ्यात जास्त लाभलेला: त्याच मॉडेलची मेलेली बोट अख्खी घेणं. हल फुटलेली बोट कुणाला नको असते. पण तिच्यावर दोन सुकाणू, बीम, डोलकाठी, बूम, शिडं, कप्प्या सगळं असतं. तीन ओतीव सांधे सुटे घेण्याच्या खर्चात कधी कधी अख्खी बोट येते. मात्र घेण्याआधी डोलकाठी आडवी ठेवून शिडाच्या खाचेतून एका डोळ्याने शेवटपर्यंत पाहा. बाक लगेच कळतो. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग दिसला तर तिथलं अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं गेलंय. बीमवर वेल्डिंगची खूण असेल तर सोडून द्या. या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, वेल्डिंगने सांध्याजवळ ती उतरते.

हल घेणार असाल तर नाण्याने ठोकत चला. टणक आवाज बदलून थपथप झाला की तिथे थर सुटलेत.

७. बनवून घ्यायचे भाग

सुकाणू लडबडतंय ही जुन्या कॅटमरनची कायमची तक्रार, आणि बहुतेकदा कारण पिनेभोवतीचं झिजलेलं प्लॅस्टिकचं बुश. लेथवर ते पाऊण तासात होतं. मी पहिली जोडी नायलॉनची करून घेतली. कोरड्यात लोण्यासारखी फिरत होती. दोन दिवस बोट पाण्यात राहिली आणि सुकाणू हलेना, कारण नायलॉन पाणी पिऊन फुगतं. दुसरी जोडी अ‍ॅसेटल या दुसऱ्या प्लॅस्टिकची केली, ते जवळजवळ पाणी घेत नाही. लेथवाल्याला भोकाचं आणि पिनेचं प्रत्यक्ष माप द्या, जुन्या बुशचं नको. ते झिजलंय म्हणून तर बदलतोय.

तारा अडकतात त्या पट्ट्या ३१६ एल मधून, जुन्या पट्टीवरून आखून कापून घेता येतात. जाडी मूळपेक्षा कमी होऊ देऊ नका, आणि पृष्ठभाग नीट पॉलिश करून घ्या. खरखरीत स्टील लवकर गंजतं. ओतीव सांध्याची नक्कल करण्याच्या मात्र फंदात पडू नका.

८. शिडं आणि ट्रॅम्पोलिन

जुनं शीड पारखताना नख शिवणीवर ओढा. उन्हाने कापडाआधी दोरा मरतो. तो तुटत गेला तर कापड बरं असेपर्यंत पुन्हा शिवून घ्या. मापात तीन कडांच्या लांब्या आणि डोलकाठीच्या खाचेत सरकणाऱ्या दोराची जाडी द्या. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग नवं शीड खाचेत शिरतच नाही.

ट्रॅम्पोलिनचं माप बीमच्या आतल्या कडांमधून घ्या. शिवणाऱ्याला हेही सांगा की दोरीने ताणायला मध्ये किंवा मागे फट ठेवायची आहे. अगदी बरोबर मापाचं ट्रॅम्पोलिन आठवड्यात ढिलं पडतं आणि मग ताणायला जागाच नसते. दोरा उन्हाला टिकणारा मागा. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) महाग असतो, पण कापडाआधी मरत नाही.

९. मोठा कॅटमरन असेल तर

यादी लांब होते, तत्त्व तेच. इंग्लंडमधल्या कॅनव्ही बेटावरचा प्राउट कारखाना कधीच बंद झाला, तरी प्राउट बोटी अजून फिरतात, कारण त्यांच्यातलं इंजिन, विंच, झडपा हे सगळं दुसऱ्यांचं. इंजिनाच्या ब्लॉकवरची पाटी वाचा. बोटीच्या इंजिनांचे ब्लॉक पुष्कळदा जमिनीवरच्या यंत्रांचेच असतात, त्यामुळे फिल्टर आणि पट्टे तिथेही मिळतात. फक्त समुद्राच्या पाण्याशी संबंध येणारे भाग बोटीचेच घ्या.

सेलड्राइव्ह (इंजिनापासून हलच्या तळातून खाली पंख्यापर्यंत जाणारा भाग) असेल तर हलच्या भोकातला रबरी पडदा कधी बदललाय हे पहिल्यांदा विचारा. तो फाटला तर पाणी थेट आत. व्होल्वो पेंटा सात वर्षांचं आयुष्य सांगते. नोंद नसेल तर बदला.

१०. ऑर्डर देताना

एका फाइलमध्ये हे ठेवा: मालकीचा कागद, हल क्रमांकाचा फोटो, सुट्या भागांची आकृती मिळाली असेल तर ती, विम्याची प्रत, शर्यतीत उतरणार असाल तर मोजणीचं प्रमाणपत्र, आणि तुमची मापांची वही. भाग काढायला घेतलेल्या मेलेल्या बोटीच्या मालकीचा कागदही घ्या, भले ती भंगारात का जाईना.

विक्रेत्याला भागाचा जुना क्रमांक आणि माप दोन्ही लिहून पाठवा. एका विक्रेत्याने मला क्रमांकाप्रमाणे बरोबर पण मापाने चूक सांधा पाठवला, कारण तोच क्रमांक मधल्या काळात नव्या नमुन्याला दिला गेला होता. मी माप लिहिलं नव्हतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. कापलेली तार आणि दोर कुणी परत घेत नाही. डोलकाठीसारख्या लांब वस्तूंचा वाहतूक खर्च वस्तूहून जास्त होऊ शकतो, तो आधी विचारा. परदेशातून मागवताय तर कर आणि वजन धरून हिशेब करा आणि सगळं एकाच खोक्यात येऊ द्या.

११. बसवताना

स्टीलचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकला असेल तर भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम तापवा. ते स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड सुटते. तेल घालून रात्रभर ठेवा, मग तापवा, मग हलक्या हाताने पुढे-मागे. मी घाईत एका स्क्रूचं डोकं तोडलं आणि उरलेला तुकडा ड्रिलने काढण्यात एक अख्खा रविवार गेला.

नवा स्क्रू किंवा रिव्हेट बसवताना दोन धातूंच्या मध्ये ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (दोन धातूंना वेगळं ठेवणारे लेप) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. खारं पाणी मध्ये आलं की अ‍ॅल्युमिनियमच झिजतं. फाटे फोडायच्या पिना जुन्या परत वापरू नका, आणि त्यांची टोकं टेपने झाकायचीच असतील तर फक्त टोकं झाका, तारेच्या टोकाची नळी उघडी राहू द्या.

पहिल्या फेरीला हलक्या वाऱ्यात निघा. किनाऱ्यापासून लांब जाऊ नका. तासाभराने परत येऊन प्रत्येक पिन हाताने तपासा आणि तारांचा ताण पुन्हा लावा. नव्या तारा पहिल्या फेरीत किंचित बसतात. माझ्या पहिल्या फेरीत एकच गोष्ट निसटली, शीड ओढायच्या कप्पीचं शॅकल. त्याच मापाची आणखी दोन तेव्हापासून मी पिशवीत ठेवते.